‘केंद्र’ : एका संज्ञेचे देशीकरण

मराठी समीक्षेत ‘केंद्र’ आणि ‘परीघ’ हे द्वंद्व सर्रास योजले जाते. महानगरी साहित्य केंद्रस्थानी, ग्रामीण व आदिवासी साहित्य परिघावर, अशी मांडणी करताना ‘केंद्र’ ही संज्ञा मुळात संस्कृत असल्याचे गृहीत धरलेले असते. तिचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो.

‘केंद्र’ला संस्कृत धातू नाही. टोचणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून ‘केन्त्रॉन’ हे नाम बनले. त्याचा अर्थ प्रथम पराणी, अणकुचीदार टोक. मग वर्तुळ काढताना रोवलेले टोक आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. लॅटिनने त्याचे ‘केन्त्रुम’ केले, संस्कृतने ‘केन्द्रम्’. प्रत्यय प्रत्येक भाषेचा. नपुंसकलिंग मात्र तिन्हीकडे कायम. मराठीत तो अंत्य प्रत्यय गळाला, तरी लिंग टिकले : घर–घरे–घरात, तसेच केंद्र–केंद्रे–केंद्रात.

अर्थाचा प्रवास मात्र इतका सरळ नाही. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त कुंडलीतील पहिले, चौथे, सातवे व दहावे ही चार स्थाने ‘केंद्र’ होत. त्यांना ‘कंटक’ असाही पर्याय आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाची नोंद आहे. तेथे अभ्यासिल्या जाणाऱ्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त वृत्ताचा मध्य हा अर्थ आहेच, पण ग्रहगणितात ‘केंद्र’ म्हणजे ग्रह आणि त्याचे उच्च यांतील सतत बदलणारे अंतर.

म्हणजे या परंपरेत केंद्र अनेक असू शकते आणि चलही असू शकते. एकमेव, स्थिर, सत्ताधारी केंद्र ही आजची प्रबळ अर्थच्छटा लॅटिनचा वारसा सांगणाऱ्या इंग्रजी ‘सेंटर’च्या सहवासात दृढ झाली. देरिदा यांनी १९६६ च्या व्याख्यानात रचनेच्या स्थिर केंद्राची कल्पना प्रश्नांकित केली. तिचा मराठीत ऊहापोह करताना ‘केंद्र’चा हा जुना अर्थव्यूह विसरला गेला, तर शब्द आपला राहतो आणि संकल्पना तेवढी उसनी ठरते.

देशीवादी चर्चेसाठी याचे महत्त्व विशेष आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या खानदेशातच हा परका शब्द आठशेहून अधिक वर्षांपूर्वी शास्त्राध्ययनाचा भाग होता. धुळ्याला कर्मभूमी मानणाऱ्या राजवाड्यांची व्युत्पत्तिदृष्टी शब्दाचे मूळ शोधते. परंतु मुळावरून देशीपण ठरत नाही. ते ठरते भाषेने शब्दाला दिलेल्या विभक्तीवरून आणि अर्थविस्ताराच्या मोकळिकीवरून. परक्या संज्ञांवर आक्षेप घेणाऱ्या समीक्षेने प्रथम हा निकष लावावा.