पानावरचा पहारेकरी?

कपाशीमुळे 'बीटी' हे नाव खेड्यापाड्यांत पोचले आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे त्या जीवाणूचे पूर्ण नाव. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत आढळला. पुढे जर्मनीत बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला आणि १९१५ मध्ये त्यांनी त्याला थुरिंजिया प्रांतावरून नाव दिले. बीजाणू बनवताना हा जीवाणू प्रथिनाचा स्फटिकही तयार करतो. अळीच्या पोटात गेलेला स्फटिक तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात विरघळतो, विकरे त्याचे तुकडे करतात आणि त्यामुळे आतड्याच्या पेशींना भोके पडतात. अळी खाणे सोडते आणि मरते.

पण हा जीवाणू राहतो कुठे? 'जमिनीत', असे आपण शिकवतो. १९९१ मध्ये स्मिथ आणि काउच यांनी पानझडी आणि सूचिपर्णी झाडांच्या पानांवरून त्याचे अनेक प्रकार वेगळे केले. अनेक वनस्पतींच्या पानांवरील नेहमीच्या सूक्ष्मजीवांत त्याची गणना करावी, असे त्यांनी सुचवले. एवढ्यावरून एक गोष्ट मात्र फार सहज रचली जाते: झाडाने अळ्यांपासून रक्षणासाठी जीवाणू पाळला आहे!

गोष्ट सुंदर आहे, पण पुरावा तिथवर जात नाही. पहिली शंका : पानावर सापडणे म्हणजे पानावर राहणे नव्हे. धुळीबरोबर, पावसाच्या शिंतोड्यांतून किंवा किड्यांच्या विष्ठेतून बीजाणू पानावर येऊ शकतात. उन्हात बीटी फार टिकत नाही. म्हणून तर तो फवारणाऱ्या शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा फवारावे लागते. दुसरी शंका : पानांवर मिळालेल्या प्रकारांत डासवर्गीय किड्यांना मारणाऱ्या गटाचेही प्रकार होते. डासाच्या अळ्या तर पाण्यात वाढतात, झाडाची पाने खात नाहीत. मग हा पहारा कोणावर? तिसरी शंका : उघड्या शेतात बीटीची साथ येऊन अळ्या आपोआप मेल्या, असे क्वचितच दिसते. अशा साथी दिसतात त्या धान्यकोठारांत आणि रेशीमकिड्यांच्या संगोपनगृहांत.

याचा अर्थ ती कल्पना खोटी ठरली, असा नाही. ती तपासता येते. नैसर्गिक प्रमाणात बीटी असलेली आणि नसलेली, अशी एकाच झाडाची पाने अळ्यांना खाऊ घालावीत. कोणत्या पानांचे नुकसान कमी होते ते मोजावे. असा फरक दिसला, तरच 'रक्षण' हा शब्द वापरण्याचा हक्क मिळेल.

वर्गात आपण 'काटे कशासाठी?', 'रंग कशासाठी?' असे विचारतो आणि प्रत्येक गोष्टीला एक हेतू चिकटवून मोकळे होतो. मुले तीच सवय उचलतात. 'ते तिथे आहे' आणि 'ते त्यासाठी आहे' या दोन वाक्यांमध्ये एक प्रयोग असतो. तो गाळून पुढे जाऊ नये, एवढे जरी या पानावरच्या जीवाणूने शिकवले तरी पुष्कळ झाले.