वक्त्यापासून सुटलेले वाक्य

निवडणूक-प्रचारातील समाजमाध्यमांचा विचार बहुधा संख्येच्या अंगाने होतो. कोणत्या उमेदवाराचे अनुयायी किती, कोणती चित्रफीत किती लोकांनी पाहिली, हे मोजले जाते. परंतु मतदाराच्या स्मरणात जे वाक्य उरते त्याची रचना क्वचितच तपासली जाते. वस्तुतः प्रचाराच्या भाषेतील खरा पालट तेथेच आढळतो. मराठीतील काही अलीकडील उदाहरणे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांच्या पक्षाने एकही उमेदवार उभा केला नव्हता. तथापि त्यांच्या सभांतील ‘लाव रे तो व्हिडिओ’ हे वाक्य घरोघर पोहोचले. यातील ‘लाव’ हा आज्ञार्थ व ‘रे’ हे संबोधन मतदाराला उद्देशून नाही, तर पडद्यामागच्या सहकाऱ्याला उद्देशून आहे. सभेत ‘तो’ या दर्शकाला निश्चित अर्थ होता : प्रतिपक्षाचे एखादे पूर्वीचे विधान, अथवा मेळघाटातील हरिसाल गावाविषयीचा जाहिरातीतील दावा. म्हणजे हे वाक्य मुळात जाब विचारण्याचे साधन होते. हातोहात फिरताना मात्र ‘तो’ रिकामा झाला. वाक्य राहिले, पुरावा गळाला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून झालेले दूरध्वनी-संभाषण सर्वत्र पसरले. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ या उद्गारात क्रियापद नाही. त्यात काही विधान केलेले नाही, म्हणून ते खोटेही ठरू शकत नाही. ‘डोंगार’, ‘हाटील’ ही बोलीरूपे हाच त्याचा आशय. बोलणारा आपल्यातला आहे, एवढेच ती सांगतात. त्याच संभाषणातील ‘ओक्के’ हा शब्द ऑगस्ट २०२२ च्या अधिवेशनात विरोधकांनी ‘पन्नास खोके, एकदम ओक्के’ या घोषणेत त्याच गटावर उलटविला. येथे आरोप गंभीर आहे. परंतु देणारा, घेणारा आणि क्रिया या तिन्हींचा उल्लेख नाही. वक्ता बदलला, पक्ष बदलला, शब्द तोच राहिला. पुढे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पाटील पराभूत झाले. वाक्याची कीर्ती ही वक्त्याची मते नव्हेत, हे त्यावरून दिसते.

यावर असा आक्षेप येईल की घोषणा पूर्वीही अशाच होत्या; १९७१ च्या ‘गरिबी हटाओ’मध्येही कर्ता नाही. हे खरे आहे. परंतु त्या घोषणेमागे एक पक्ष व एक नेतृत्व उभे होते, आणि तिचा हिशेब त्यांच्याकडेच मागता येत होता. आजचे फिरते वाक्य ज्याच्या हाती जाईल त्याचे होते.

निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार उमेदवाराला आपल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती शपथपत्रात द्यावी लागते आणि तेथील प्रचाराचा खर्च हिशेबात धरला जातो. या नियमनाचा मुख्य आधार असा, की वाक्याला धनी असतो. निनावी फिरणाऱ्या वाक्यापुढे हा आधार दुबळा पडतो.

याच्या उलट प्रकार २०२४ मध्येच दिसला. महायुतीने लाडकी बहीण योजनेची मासिक रक्कम १५०० वरून २१०० रुपये करण्याचे, तर महाविकास आघाडीने महिलांना दरमहा ३००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. येथे देणारा, घेणारा, क्रिया व रक्कम हे सारे घटक स्पष्ट होते. म्हणूनच निकालानंतर २१०० या आकड्याविषयी सरकारला वारंवार विचारणा झाली. आश्वासन योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. त्याचा जाब मागता आला, हे महत्त्वाचे. ‘वचन’ या शब्दाचे बोलणे आणि शब्द देणे हे दोन्ही अर्थ अशाच वाक्यात एकत्र नांदतात.

सारांश, समाजमाध्यमे फिरण्यास सोप्या वाक्याला बळ देतात, आणि असे वाक्य बहुधा कर्त्यावाचून, क्रियापदावाचून असते. मतदाराला ते आवडते. पण त्याच्या हाती काही लागत नाही. यास्तव अभ्यासकाने अशा वाक्यांचा संग्रह करताना वक्ता, दिनांक व प्रसंग यांची नोंद वाक्यासोबतच ठेवली पाहिजे. वाक्याला त्याचा धनी परत मिळवून देणे, हे भाषाभ्यासाचे काम आहे. आणि लोकशाहीलाही त्याची गरज आहे.