भूक कुणाची? काफ्काच्या पत्रातले जेवणाचे टेबल

फ्रान्त्स काफ्काने वडिलांना लिहिलेले पत्र मी पहिल्यांदा वाचले ते एम.ए.ला असताना, परीक्षेपुरते. तेव्हा त्यात मला सत्ता दिसली, कायदा दिसला, ‘द ट्रायल’ची पूर्वतयारी दिसली. जेवणाचे टेबल दिसले नाही. दुसऱ्यांदा वाचले ते चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि त्या वेळी टेबलाविषयीची तेवढी पानेच डोळ्यांपुढून हलेनात. मधल्या काळात मला स्वतःबद्दल एक गोष्ट उमगली होती. घरातले सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात दिवा न लावता, उभ्याने, डब्यातून शंकरपाळे नि चकल्या खात राहणे ही आवड नव्हती. भूक तर नव्हतीच. पोट दुखू लागेपर्यंत हात थांबत नसे आणि दुसऱ्या दिवशी मी उपास धरी. घरच्यांना त्या उपासांचे कौतुक होते.

शाळेची काही वर्षे मी काकांकडे राहून काढली. तिथे माझ्यावर कुणी हात उगारला नाही. पण तिसरी पोळी घेतली की काका शांतपणे म्हणत, “घ्या, घ्या, दुष्काळातून आलात ना.” दोनच घेतल्या तर, “आमच्याकडचं गोड लागत नाही वाटतं.” सगळे हसत, मीही हसे. याला छळ म्हणायचे का, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलाच नाही. काफ्काच्या पत्राने तो पाडला. म्हणून या लेखात त्या पत्राचे एका मर्यादित बाजूने वाचन करायचे आहे. बालपणी झालेला भावनिक दुर्व्यवहार आणि प्रौढपणी बिघडलेले खाणे यांच्या नात्याविषयी हे पत्र काय सांगते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय सांगायचे नाकारते?

पत्र १९१९च्या नोव्हेंबरमधले. काफ्का तेव्हा ३६ वर्षांचा होता. यूली वोरीत्सेक हिच्याशी ठरवलेल्या लग्नाला वडिलांनी कडाडून विरोध केला होता, तो ताजा होता. शंभरावर हस्तलिखित पानांचे हे पत्र वडिलांच्या हाती कधीच पडले नाही. वडील हेर्मान काफ्का हे एका खेड्यातल्या खाटकाचे पुत्र. हलाखीतून वर येऊन प्रागमध्ये त्यांनी घाऊक मालाचे दुकान उभे केले होते. धिप्पाड देह, मोठा आवाज आणि दणदणीत भूक.

या घरातले जेवण काफ्का बारीकसारीक तपशिलांनिशी मांडतो. वडील भराभर, गरमगरम, मोठमोठे घास घेत; मुलांनीही तसेच उरकायचे. टेबलावर शांतता, आणि ती मोडायची ती वडिलांच्या सूचनांनीच. मुलांनी हाडे फोडायची नाहीत, वडिलांनी फोडायची. मुलांनी आवाज करत काही ओरपायचे नाही, वडिलांनी ओरपायचे. पाव सरळच कापला गेला पाहिजे, वडिलांची सुरी मात्र रश्शाने निथळत असली तरी चाले. खाली सांडायचे नाही, आणि सर्वांत जास्त सांडलेले असायचे वडिलांच्याच खुर्चीखाली. जेवताना दुसरे काही करायचे नाही, पण वडील तिथेच नखे कापत, पेन्सिलीला टोक काढत, कान कोरत. अन्नाला नावे ठेवायची नाहीत. वडील मात्र ते जनावरांच्या लायकीचे ठरवून स्वयंपाकिणीचा उद्धार करत.

यापुढे काफ्का जे म्हणतो ते या पत्राचे मर्म आहे, असे मला वाटते. हे सारे तपशील तसे क्षुल्लक होते, असे तो स्वतःच मान्य करतो. ते जाचक झाले, कारण ज्या माणसाच्या मापाने मुलाने सगळे जग मोजायचे, तो माणूसच आपले नियम पाळत नव्हता. त्यातून मुलासाठी जगाचे तीन भाग झाले. एकात फक्त त्याच्याचसाठी केलेले कायदे, जे त्याला कधीच पुरते पाळता येत नाहीत. दुसऱ्यात हुकूम सोडणारे आणि न पाळल्याबद्दल संतापणारे वडील. आणि तिसऱ्यात उरलेली सगळी माणसे, हुकूम नि आज्ञापालन या दोन्हींपासून मोकळी.

इथे मला ‘श्यामची आई’तली अळणी भाजी आठवते. भाजीत मीठ नाही, तरी वडील काही न बोलता खातात, मुलेही खातात; आई जेवायला बसते तेव्हा तिला कळते. मुलाच्या जिभेला गप्प बसवणारा नियम तिथेही आहे. पण तो नियम करणारा तीच अळणी भाजी स्वतः खातो आहे, आणि गप्प का राहायचे हे मुलाला कळते आहे. तेव्हा शिस्त म्हणजे दुर्व्यवहार नव्हे. जिथे नियम एकालाच लागू होतो, त्याचे कारण सांगितले जात नाही आणि तो मोडल्याची शिक्षा म्हणून माणसाचा पाणउतारा होतो, तिथे दुर्व्यवहार सुरू होतो.

वडिलांनी आपल्याला खरे तर जवळजवळ कधीच मारले नाही, असे काफ्का लिहितो. पण ओरडणे, लाल झालेला चेहरा, पँटचे पट्टे घाईघाईने सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवणे, हे जवळपास माराहून वाईट होते. वडिलांच्या शिकवणीतली हत्यारे तो नावानिशी मोजतो: शिव्या, धमक्या, उपरोध, कुत्सित हसू आणि स्वतःची कीव. आज मानसशास्त्रात ज्याला भावनिक छळ म्हणतात, त्याची इतकी नेमकी यादी शंभर वर्षांपूर्वी क्वचितच कुणी केली असेल.

आता संशोधनाकडे. हिल्डे ब्रुख ही जर्मनीत जन्मलेली, नाझी राजवटीमुळे देश सोडून पुढे अमेरिकेत काम केलेली मानसोपचारतज्ज्ञ. खाण्याच्या विकारांवरच्या १९७३च्या ग्रंथात तिने मांडले की भूक ओळखणे हेही मूल शिकत असते. मूल रडते तेव्हा त्याला भूक आहे, थंडी वाजते आहे की नुसते कुणी जवळ हवे आहे, हे ओळखून प्रतिसाद मिळत गेला तर त्याला आपल्या आतल्या खुणा उलगडू लागतात. प्रतिसाद नेहमी मोठ्यांच्या सोयीने मिळाला तर भूक, भीती, एकटेपणा यांच्यातल्या सीमा पुसट राहतात. मोठेपणी असा माणूस दुःख झाले की खातो, किंवा भूक लागली तरी ती आपली मानत नाही.

ब्रुखचे हे म्हणणे वाचल्यावर पत्रातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग वेगळा दिसू लागतो. लहानगा काफ्का रात्री पाणी पाणी करत किरकिरत राहतो. धमक्या देऊन भागत नाही तेव्हा वडील त्याला उचलून बाहेरच्या सज्जात नेतात आणि बंद दारापुढे नुसत्या झबल्यात उभे करतात. हा प्रसंग क्रूरपणाचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो. सांगताना एक तपशील मात्र गळतो. ते पाणी आपण तहानेमुळे मागत नव्हतो, असे काफ्का स्वतःच लिहितो. थोडे त्रास द्यायला, थोडे मन रमवायला मागत होतो. म्हणजे मुलाने पाण्याच्या नावाने दुसरेच काही मागितले होते. ते काय, हे कुणी विचारले नाही. मिळाली ती शिक्षा, तीही मागणीच्या मानाने न समजण्याइतकी मोठी.

१९९९ मध्ये केन्ट, वॉलर आणि डॅग्नन यांनी प्रौढ स्त्रियांच्या पाहणीत बालपणीच्या छळाचे वेगवेगळे प्रकार एकत्र तपासले. शारीरिक आणि लैंगिक छळापेक्षा भावनिक छळाचा खाण्याविषयीच्या बिघडलेल्या वृत्तीशी अधिक संबंध दिसला, आणि तो संबंध चिंता आणि स्वतःपासून तुटल्याची अवस्था यांच्या वाटेने जात होता. ही वाट महत्त्वाची आहे. टोमण्यातून थेट अतिखाणे निघत नाही. टोमण्यातून सतत सावध राहण्याची सवय लागते, त्या सावधपणाचा शीण येतो आणि काही वेळ स्वतःलाच विसरायला अन्न उपयोगी पडते. अंधारात उभ्याने खाताना मला चवही कळत नसे, याचा अर्थ मला इथे लागला.

तरीही आकडे जपून वाचावे लागतात. २०१७ मध्ये मोलेंडाइक आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा खाण्याचे विकार असलेल्यांत बालपणीच्या दुर्व्यवहाराचे प्रमाण २१ ते ५९ टक्के निघाले, निरोगी तुलनागटांत १ ते ३५ टक्के. फरक स्पष्ट आहे. पण इतर मानसिक आजारांच्या रुग्णांतही ते ५ ते ४६ टक्के होते. म्हणजे हा इतिहास एकट्या खाण्याच्या विकारांची खूण नव्हे. आणि असे विकार असलेल्या पुष्कळांच्या वाट्याला असे बालपण आलेलेही नसते. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. ब्रुखसारख्यांच्या मांडणीतून पुढे आयांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची प्रथा पडली, तिने अनेक कुटुंबे पोळली. २०१० मध्ये या क्षेत्रातल्या ‘अकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्स’ने अधिकृत भूमिका घेतली की कुटुंब हे या विकारांचे एकमेव किंवा मुख्य कारण मानता येत नाही.

म्हणूनच काफ्काला रोगनिदानाची चिठ्ठी चिकटवणे मला पटत नाही. मानफ्रेड फिश्टर या मानसोपचारतज्ज्ञाने १९८७ मध्ये तसा युक्तिवाद केला: काफ्काला ॲनोरेक्सियाच होता. साहित्य त्याला हवे तेवढे सापडते. काफ्का शाकाहारी झाला, घास फार वेळ चावू लागला. तो कितीतरी महिने चाललेला प्रकार पाहवेना म्हणून वडील रात्रीच्या जेवणाला चेहऱ्यापुढे वर्तमानपत्र धरत, असे त्याने फेलिस बाउअरला कळवले आहे. पोहायला जाताना कपडे बदलायच्या खोलीत वडिलांच्या भरदार देहाशेजारी आपण हाडांचा सापळा वाटायचो, हे १९१९च्या पत्रातच आहे. आणि ३० ऑक्टोबर १९११च्या रोजनिशीत हाच मिताहारी माणूस मांसाच्या दुकानांपुढे उभा राहून मनातल्या मनात सॉसेजेस अधाशासारखी दातांनी तोडतो, बरगड्यांचे तुकडे न चावता तोंडात कोंबतो, दुकानेच्या दुकाने रिकामी करतो.

ही नोंद वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. तो कल्पनेत जे करत होता ते मी डब्यापुढे करत होते. वडिलांचे सारे कायदे तिथे एकदम मोडले जातात, पण नियम नसलेल्या त्या तिसऱ्या जगात तो पोहोचत नाही. तो वडिलांसारखा खातो. बंड करायलाही त्याच्याकडे वडिलांचीच भूक आहे.

निदानाने हे दिसत नाही. निदान सांगते की या माणसाचे खाणे बिघडले होते. कथा पुढे जाऊन विचारते की बिघडण्यापूर्वी ते त्याचे होते का. ‘मेटामॉर्फॉसिस’मध्ये बाप मुलावर सफरचंदे फेकतो आणि त्यातले एक पाठीत रुतून सडते, अन्नच तिथे हत्यार होते. ‘हंगर आर्टिस्ट’मधला उपास करणारा शेवटी कबूल करतो की आपल्याला आवडेल असे अन्न सापडलेच नाही, नाहीतर आपणही इतरांसारखे पोटभर खाल्ले असते. समीक्षक या कबुलीत कलावंताचे किंवा संताचे एकाकीपण वाचत आले आहेत. मला तिथे ज्याच्या जिभेला कधी कुणी मतच विचारले नाही असा माणूस दिसतो.

पण मग पत्र हा पुरावा कितपत धरायचा? पुढे मिलेनाला या पत्राविषयी लिहिताना काफ्काने स्वतःच बजावले आहे की ते वकिली पत्र आहे, त्यातल्या वकिली युक्त्या ओळखून वाच. पत्राच्या शेवटीही तो वडिलांच्या तोंडी एक लांबलचक प्रत्युत्तर घालतो आणि त्यात स्वतःला बांडगूळ ठरवतो. २०१९ मध्ये बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की लहानपणी नोंदवला गेलेला दुर्व्यवहार आणि मोठेपणी आठवलेला दुर्व्यवहार यांत फार थोडा मेळ असतो. आठवण सांगणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांची तशी नोंद सापडत नाही आणि नोंद असलेल्या निम्म्याहून अधिक जणांना ते आठवत नाही. यावरून आठवणी खोट्या, असे म्हणता येणार नाही. टोमण्यांची नोंद कोणत्या दप्तरात व्हायची? पण आठवण म्हणजे निकालपत्रही नव्हे.

माझ्या चुलत बहिणीला मी एकदा हे सगळे सांगितले. ती चकित झाली. “ताई, बाबा सगळ्यांचीच मजा करायचे. आपल्या घरी जेवताना किती हसायचो आपण!” ती खोटे बोलत नव्हती. आम्ही हसायचोच. काफ्काला जे तिसरे जग दुरून दिसत होते, त्यात ती माझ्या शेजारच्याच पाटावर बसून जेवत होती.

१९२४च्या वसंतात काफ्का व्हिएन्नाजवळच्या कीअरलिंगमध्ये घशाच्या क्षयाने मरणपंथाला लागला होता. गिळणे जवळपास बंद झाले होते, आणि त्याच अंथरुणावर तो ‘हंगर आर्टिस्ट’ची मुद्रिते तपासत होता. त्या दिवसांत आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात एक आठवण येते: फार वर्षांपूर्वी वडील आपल्याला पोहायला नेत आणि तिथे दोघे मिळून बिअर पीत. १९१९च्या पत्रात पोहण्याची जागा देहाच्या लाजेची होती; इथे ती एकत्र पिण्याची आहे. या आठवणीने पहिली खोडली गेली, असे मी म्हणणार नाही, आणि मरणाऱ्या माणसाने वडिलांना क्षमा केली, असेही नाही. घशाखाली घोट उतरत नसताना त्याला एक घोट आठवला, जो कुणाच्या हुकमाने घेतलेला नव्हता.

काका आता थकले आहेत. गेल्या दिवाळीला त्यांच्याकडे गेले तेव्हा बहिणीने फराळाचे ताट पुढे ठेवले. काका नेहमीप्रमाणे काहीतरी बोलले आणि सगळे हसले. मी या वेळी हसले नाही. एक चकली खाल्ली, ती खुसखुशीत झाली होती, आणि मग मला पुरे झाले.