सिगारेटमुळे कोविडपासून संरक्षण? एक तक्ता नीट वाचूया

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एक गाजलेला पेपर घेऊया. जुलै २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेला इंग्लंडमधला 'ओपनसेफली' अभ्यास. सुमारे १ कोटी ७३ लाख प्रौढांच्या, फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी आणि कोविडशी संबंधित १०,९२६ मृत्यू. इतका मोठा विदा, इतक्या लवकर! कामाचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

वय, पुरुष असणं, अतिस्थूलता, अनियंत्रित मधुमेह यांनी मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो. पन्नाशीतल्यांच्या तुलनेत ऐंशीच्या पुढच्यांचा धोका तर वीसपटीहून जास्त. इथवर ठीक. आता धूम्रपानाची ओळ बघा. फक्त वय आणि लिंग हिशेबात घेतलं की सध्या धूम्रपान करणाऱ्यांचा हॅझर्ड रेशो १.१४ येतो, म्हणजे धोका जास्त. सगळे घटक एकाच मॉडेलमध्ये टाकले की तोच ०.८९ होतो. मग काय, सिगारेट औषध झाली?

मुळीच नाही. धूम्रपान फुप्फुसं खराब करतं आणि खराब फुप्फुसं आजार गंभीर करू शकतात. मॉडेलमध्ये फुप्फुसांचे जुनाट आजार 'स्थिर' धरले, की धूम्रपानाच्या नुकसानीचा मोठा वाटा आपणच पुसून टाकतो. लेखकांनी केवळ वय, लिंग, वंश आणि आर्थिक-सामाजिक वंचितता धरून पुन्हा गणित केलं, तेव्हा आकडा १.०७ आला, त्याची विश्वास मर्यादा १ च्या दोन्ही बाजूंना जाते. म्हणजे संरक्षणाचा पुरावा उरला नाही.

लेखकांनी हा इशारा स्वतःच दिला आहे, हे मान्य. माझा आक्षेप मांडणीवर आहे. इशारा मजकुरात आणि सगळे आकडे एकाच रकान्यात शेजारी-शेजारी! घाईतला वाचक रकानाच उचलतो. या चुकीला वेस्ट्रीच आणि ग्रीनलँड यांनी २०१३ मध्येच 'टेबल टू फॅलसी' असं नाव दिलं होतं. एका घटकासाठी योग्य असलेलं मॉडेल दुसऱ्यासाठी योग्य असेलच असं नाही.

आणखी एक गोष्ट निसटते. इथे छेदात कोविड झालेले रुग्ण नाहीत, सगळी लोकसंख्या आहे. त्यामुळे 'लागण होण्याची शक्यता' आणि 'लागण झाल्यावर दगावण्याची शक्यता' या दोन गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात. हा आकडा थेट 'आजाराची तीव्रता' म्हणून वापरू नका.

तुमच्या प्रबंधातही असा तक्ता येणारच आहे. तेव्हा सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद घ्या. ज्या घटकाचा परिणाम शोधायचा तो मांडा, बाण काढा: कोण आधीचं, कोण मधलं? आधीच्याला मॉडेलमध्ये घ्या. एकूण परिणाम हवा असेल तर मधल्याला बाहेर ठेवा. आणि भाकीत करायचंय की कारण शोधायचंय, हे पहिल्याच पानावर लिहा. गाईडने विचारायच्या आधी हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारलेला बरा.