डावा हात शब्दांत सांगता येतो का?

मागच्या खेपेला आपण कांटच्या अवकाशकल्पनेपाशी थांबलो होतो. आज तिथून जरा आडवाटेनं जाऊ या, मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात.

तिथे सुरुवातीलाच 'अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन' शिकवतात. माणूस ताठ उभा, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे. टेबलावरचं प्रेत उताणं असो की पालथं, वर्णन करताना ते असंच उभं आहे असं धरायचं. मग छातीची बाजू अँटीरिअर, पाठीची पोस्टीरिअर. मध्यरेषेजवळचं ते मीडिअल, लांबचं ते लॅटरल. तळवे पुढे केल्यामुळे हाताचा अंगठा लॅटरल होतो, पायाचा मात्र मीडिअल! आणि डावं-उजवं नेहमी रुग्णाचं, बघणाऱ्याचं नव्हे.

म्हणून ही परिभाषा बघणाऱ्यापासून पूर्ण मुक्त आहे, असं सांगितलं जातं. माझा आक्षेप इथे आहे. हे अर्धंच खरं आहे.

'वर' म्हणजे डोक्याकडे, 'पुढे' म्हणजे छातीकडे, ही व्याख्या झाली. 'डावीकडे' म्हणजे कशाकडे? हृदयाकडे म्हणाल, तर काही माणसांत सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात. त्याला सायटस इन्व्हर्सस म्हणतात. तिथे डॉक्टर 'हृदय उजवीकडे आहे' असं लिहितात. 'याची डावी बाजू उजवीकडे गेली' असं लिहीत नाहीत. म्हणजे डावेपण हृदयावर टेकलेलं नाही. कांटनं 1768 च्या निबंधात हेच पकडलं: दोन्ही हातांच्या भागांचे आपसातले संबंध तेच, तरी एकाचा मोजा दुसऱ्याला बसत नाही. वर्णन कितीही लांबवा, तो फरक वर्णनात येत नाही. तो दाखवावा लागतो.

आपली मराठी परिभाषा आणखी एक घोटाळा करते, तोही सांगून टाकतो. लॅटिनमधून आलेलं 'व्हेंट्रल' म्हणजे पोटाकडचं. तो शब्द अवयवाला धरून आहे. प्राणिशास्त्राच्या मराठी लेखनात त्याला 'अधर' म्हणतात, म्हणजे खालचं. बेडकाला, गायीला चालेल. पण उभ्या माणसाचं पोट खाली कुठे असतं? ते पुढे असतं! अवयवाच्या जागी दिशा घातली, की असं होतं. संस्कृतातला 'दक्षिण' पाहा. पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलात तर उजवा हात दक्षिणेला, म्हणून एकच शब्द दोन्हींना. तोंड फिरवलंत की दोन अर्थांची फारकत.

एक्स-रेच्या वेळी फिल्मच्या कडेला शिशाचं इंग्रजी अक्षर ठेवतात, 'एल' किंवा 'आर'. हाताची फिल्म उलटी धरली तर ती दुसऱ्या हाताची दिसते. चित्र स्वतः काही सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कागदांवर सगळीकडे 'उजवा' लिहिलेलं होतं. तरी सर्जननी विचारलं, "सर, कुठला?" मी म्हटलं, "उजवा." ते म्हणाले, "तसं नको, हात लावून दाखवा." जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीतही भूल देण्याआधी ही खातरजमा आहे. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा शब्द त्यांना पुरला नाही, आणि मला मनापासून बरं वाटलं. मी गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी मार्करनं बाण काढला.