जुळी कोकरं झाली, पण मोजायचं काय?

सिनॉप्सिसचे दिवस आले की एक विषय हटकून येतो: मांसोत्पादनासाठी मेंढ्यांचं संकरीकरण. आधार म्हणून बहुतेक जण 'नारी सुवर्णा'चं नाव देतात. नाव योग्यच आहे. पण तो पुरावा नेमका कशाचा आहे हे न बघता तो उचलून अमरावती-अकोल्यात आणला की घोळ होतो. म्हणून आज नोव्हेंबर 2008 मध्ये पुण्यात झालेल्या कार्यशाळेचा खंड वाचू. 'फेक-बी' जनुकावरचा हा खंड ऑस्ट्रेलियाच्या 'एसियार' संस्थेनं 2009 साली काढला.

आधी गोष्ट थोडक्यात. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते. सुंदरबनची गरोळ मेंढी दोन-तीन देते, पण अंगानं अगदी लहान, दहा-चौदा किलोची. सरळ संकर केला तर जुळ्यांबरोबर लहान आकारही येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं (नारी) गरोळमधलं फक्त ते एक जनुक दख्खनीत आणायचं ठरवलं. संकरित पिढी पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवायची. गरोळचा वाटा 50, 25, 12.5 टक्के असा घटत जातो. जनुक कोणात उतरलं हे रक्ताच्या डीएनए चाचणीनं बघायचं. 2001 मध्ये या जनुकातला नेमका बदल सापडल्यावर ही निवड सोपी झाली.

काय आवडलं

एक, काम संस्थेच्या गोठ्यात थांबलं नाही, मेंढपाळांच्या कळपात गेलं. दोन, तुलनेची सोय. नराकडे जनुकाची एकच प्रत असेल, तर साध्या मेंढ्यांपासून झालेल्या त्याच्या साधारण निम्म्या मुलींत ती उतरते, निम्म्यांत नाही. दोघी एकाच कळपात, एकाच चराईवर, एकाच दुष्काळात वाढतात आणि बघून कोणाला ओळखता येत नाही. म्हणजे फरक दिसला तर तो जनुकाच्या खात्यावर टाकता येतो. आता आपल्याकडचा नेहमीचा आराखडा आठवा: संकरित मेंढ्या प्रक्षेत्रावर खुराक खाऊन, गावठी मेंढ्या रानात. त्यातून जातीबद्दल काहीच कळत नाही, फार तर खुराकाबद्दल कळतं.

कुठे अडतं

या संशोधनातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा वेताला होणाऱ्या कोकरांचा आहे: एकाच्या आसपास होता, तो दीडच्या आसपास गेला. विद्यार्थी लगेच लिहितो, 'मांस दीडपट'. थांबा, हिशोब करू. पुढचे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत.

100 साध्या मेंढ्या, 100 कोकरं. त्यातली 90 दूध तुटेपर्यंत जगली, प्रत्येकी 14 किलो. एकूण 1260 किलो.

100 जनुकधारी मेंढ्या, 150 कोकरं. जुळी असल्यानं वजन कमी, सरासरी 12 किलो धरा. 80 टक्के जगली तर 120 कोकरं, 1440 किलो. वाढ 14 टक्के, 50 नव्हे. आणि 70 टक्केच जगली तर? 105 कोकरं, पुन्हा 1260 किलो. फायदा शून्य; उलट दोन पिल्लं पाजून आई खंगली ते वेगळंच.

म्हणजे सगळा खेळ मधल्या मरतुकीवर आहे. आणि मरतूक जनुकापेक्षा जागेवर ठरते. या खंडातला कळपांचा पुरावा फलटण भागातला आहे. इस्राएलमध्ये हेच जनुक अवासी मेंढीत आणलं, पण तिथं बंदिस्त पालन आणि आयता खुराक. वऱ्हाडातला कळप चालता असतो. कापूस-सोयाबीन निघालं की खतासाठी रात्री शेतात मेंढ्या बसवायच्या, वाघूर लावायची, दोन दिवसांनी पुढचं शेत. थंडीत उघड्यावर दुसरं कोकरू कोण पाजणार, मुक्काम हलला की कोण उचलणार? सिनॉप्सिसमध्ये या प्रश्नासाठी एक रकाना तरी हवा.

लोकरीऐवजी केस असलेल्या मेंढ्यांचा, म्हणजे माडग्याळ किंवा नेल्लोरचा, संकर सुचवणाऱ्यांनाही हेच लागू. लोकरीला भाव नाही, कातरणी अंगावर पडते, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण पहिल्या पिढीचं अंग बहुतेकदा अधलंमधलं, थोडी लोकर थोडे केस. कातरणी खरंच वाचली का, हेही मोजावं लागेल.

तुमच्या आराखड्यासाठी

मोजमाप 'दर मेंढीमागे वर्षाला दूध तुटलेल्या कोकरांचं एकूण वजन' हे ठेवा. ज्या मेंढ्या व्यायल्याच नाहीत त्याही भागाकारात धरा. त्यांना वगळलं की आकडा फुगतो. मेलेल्या कोकराची तारीख आणि कारण लिहा. मेंढीचं वजन व्यायल्यावर आणि पुढच्या गाभणीआधी, दोनदा घ्या. पोहरा किंवा बोरगाव मंजूच्या सरकारी प्रक्षेत्रावर काम करणं सोयीचं आहे, नोंदी नीट ठेवता येतात. पण निष्कर्ष चालत्या कळपासाठी काढायचा असेल तर निदान एक चालता कळप आराखड्यात हवाच, जरी त्यासाठी मेंढपाळाच्या मागं हिवाळाभर फिरावं लागलं तरी.

नारीच्या कामावर माझा आक्षेप नाही. त्यांनी जनुक आणलं आणि ते मेंढपाळाकडे नेऊन तपासलं. आपण त्यांचा आकडा घेतो आणि तपासणी सोडून देतो. चुकीचा सल्ला गेला तर थीसिस आपला पास होतो, मरतूक मात्र मेंढपाळाच्या घरात होते.