एमिली रोझाचा प्रयोग: चौथीच्या विज्ञान प्रकल्पाचं परीक्षण

मागच्या काही पोस्टमध्ये आपण संशोधन-प्रश्न, परिकल्पना, चल या शब्दांच्या व्याख्या पाहिल्या. पेट आणि सेटच्या तयारीला त्या लागतातच. पण व्याख्या पाठ असूनही सिनॉप्सिस लिहायला बसलं की गाडी अडते, हा बहुतेकांचा अनुभव. म्हणून आज एक पूर्ण झालेला शोधनिबंध घेऊ आणि तो नीट तपासू. मुद्दाम लहान मुलीचा निवडलाय, कारण त्यात लपायला जागा कमी आहे. मोठ्यांच्या निबंधात जड शब्दांमागे बरंच काही झाकलं जातं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली एमिली रोझा चौथीत असताना, वयाच्या ९ व्या वर्षी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग करते. एप्रिल १९९८ मध्ये तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'जामा' या नियतकालिकात छापून येतो. तेव्हा ती ११ वर्षांची असते. विषय होता 'थेराप्युटिक टच'. नाव स्पर्शाचं, पण यात स्पर्श नसतोच. रुग्णाच्या शरीरापासून काही अंतरावर हात फिरवायचे, त्याचं 'ऊर्जाक्षेत्र' हाताला जाणवतं असं मानायचं आणि ते 'नीट' करायचं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क विद्यापीठातल्या नर्सिंगच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर यांनी डोरा कुंझ यांच्याबरोबर ही पद्धत रुजवली आणि ती तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणात शिरली होती.

इथे कुणीही काय प्रश्न घेतला असता? 'थेराप्युटिक टचचा रुग्णांवर होणारा परिणाम: एक अभ्यास.' आपल्याकडची निम्मी शीर्षकं अशीच असतात. असा प्रश्न घेतला की रुग्ण हवेत, तुलनेचा गट हवा, आजाराची तीव्रता मोजायला हवी, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातून प्रकरण गेलंच. एमिलीने उपचाराला हातच लावला नाही. ती एक पायरी मागे गेली. आधी जाणवायला हवं, मगच नीट करता येईल ना? मग जाणवतं का, एवढंच बघू. माझ्या मते या निबंधातली सगळ्यात भारी गोष्ट हीच. आकडे, आलेख, जामाचं नाव हे सगळं नंतरचं.

मांडणी अगदी साधी. मध्ये पुठ्ठ्याचा उभा पडदा, खाली हात घालायला दोन भोकं. उपचारक पलीकडून दोन्ही हात तळवे वर करून आत सरकवणार. एमिली नाणं उडवणार आणि जो हात येईल त्याच्या वर ८ ते १० सेंटीमीटरवर आपला हात धरणार. उपचारकाने सांगायचं, डावा की उजवा. असं प्रत्येकी १० वेळा. खर्च जवळजवळ शून्य, आणि उत्तर हो किंवा नाही, कुठलंही येऊ शकतं. हे शेवटचं महत्त्वाचं. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी फसफसणारच, हे प्रदर्शनाला आलेल्या प्रत्येकाला आधीच माहीत असतं. त्याला प्रात्यक्षिक म्हणा, हरकत नाही. प्रयोग म्हणू नका.

आता आकडे. १९९६ मध्ये १५ उपचारक, १५० प्रयत्न, ७० बरोबर. १९९७ मध्ये १३ जण (त्यातले ७ आधीचेच), १३० प्रयत्न, ५३ बरोबर. एकूण २१ माणसं, २८० प्रयत्न, १२३ बरोबर, म्हणजे ४४ टक्के. नुसतं अंदाजपंचे सांगितलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आले असते.

पहिल्या फेरीत एका व्यक्तीला १० पैकी ८ आले होते. आपल्या प्रदर्शनात असतं तर तेवढ्यावर तक्ता रंगला असता! पण गणित करून बघा. एका माणसाने डोळे मिटून अंदाज लावला तर ८ किंवा जास्त येण्याची शक्यता साडेपाच टक्क्यांच्या आसपास. पण १५ माणसं असतील तर त्यांच्यातल्या कुणातरी एकाला तेवढे मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. म्हणजे आठ आले यात नवल नाही, कुणालाच आले नसते तरीही नवल नव्हतं. त्याच व्यक्तीला पुढच्या फेरीत ६ आले. 'प्रयोग पुन्हा करा' असं पुस्तकात एका ओळीत असतं, ते नेमकं कशासाठी, ते इथे दिसतं.

दुसरी गंमत ४४ मध्येच आहे. २८० वेळा नाणं उडवलं तर अपेक्षित १४०, आणि प्रमाण विचलन साधारण ८.४. निकाल १२३. म्हणजे अपेक्षेपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी कमी! उलट्या बाजूने बघणारा म्हणू शकतो की यांना काहीतरी जाणवतंय, फक्त उलटं सांगतायत. इथे प्रयोगाआधी काय ठरवलं होतं ते कामी येतं. दावा 'जाणवतं' असा होता, म्हणजे उत्तरं अंदाजापेक्षा जास्त बरोबर यायला हवीत. निकाल पाहून दावा फिरवायची मुभा नाही. शिवाय एकाच माणसाची दहा उत्तरं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात. दोनदा डावा सांगितला की तिसऱ्यांदा माणूस उजव्याकडे झुकतो. त्यामुळे ते ८.४ सुद्धा फार ताणून वापरू नये.

त्रुटी आहेत का? आहेत. हात कुठे आहे हे एमिलीला माहीत होतं, म्हणजे प्रयोग दुहेरी अंध नव्हता. श्वासाचा आवाज, खुर्चीची हालचाल, काहीही इशारा पलीकडे जाऊ शकला असता. मात्र असा इशारा गेला असता तर बरोबर उत्तरं वाढली असती, आणि ती वाढली नाहीत. त्रुटी सापडली की व्हायव्हात मिरवायची नसते, ती निकालाला कोणत्या बाजूला ढकलते ते सांगायचं असतं. उपचारक स्वतःहून तयार झालेले होते, हीदेखील मर्यादाच.

माझा खरा आक्षेप निष्कर्षावर आहे. निबंधाचा शेवट या पद्धतीच्या दाव्यांना आधार नाही आणि तिचा व्यावसायिक वापर समर्थनीय नाही, इथपर्यंत जातो. २१ माणसांना एका मुलीचा हात ओळखता आला नाही, एवढं मोजलं होतं. रुग्णाला बरं वाटतं का, हे मोजलंच नव्हतं. मला स्वतःला थेराप्युटिक टचवर काडीचाही विश्वास नाही, तरीही निष्कर्षाने प्रश्नाच्या कुंपणाबाहेर जाऊ नये. आणि लेखकांची यादी बघा: चौघं जण, त्यात एमिलीची नर्स असलेली आई लिंडा रोझा पहिली. आईसह तिघंही मोठे लेखक अशा उपचारांचे जुने टीकाकार. प्रयोग मुलीचा वाटतो, निष्कर्षाचा आवाज मोठ्यांचा. पालकांनी केलेला प्रकल्प म्हटलं की आपल्याला थर्माकोल आणि सुबक अक्षर आठवतं. ते तसं निरुपद्रवी. पण निष्कर्ष पालकांनी लिहिला की मुलाचं शिकणं तिथेच थांबतं.

हाच साचा आपल्याकडेही वापरला गेलाय. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती, २००९ मध्ये ती 'करंट सायन्स'मध्ये आली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्या, त्यातल्या प्रत्येक ज्योतिषाला ४०. कुंडली कोणत्या गटातली ते सांगायचं. २७ जणांची सरासरी ४६ टक्के आली. पुठ्ठ्याचा पडदा नाही, पण हाडं तीच: एक छोटा दावा, दोनच पर्याय, आणि अंदाजाने किती येतील ते आधीच माहीत.

तर मग चौथीच्या मुलांचा प्रकल्प आखायची वेळ आली (भाचा-पुतण्याचं बोलावणं प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला येतंच), तर इंजेक्शनच्या सिरिंजांचा जेसीबी बाजूला ठेवा आणि घरातला एखादा ठाम दावा शोधा. 'चुलीवरच्या भाकरीची चव वेगळीच!' हे सगळेच म्हणतात. ओळखता येते का?

इथून आखणीची खरी मजा सुरू होते. पीठ एकच, मळणारी आणि थापणारी एकच. दोन्ही भाकऱ्या सारख्याच गार झालेल्या हव्यात, नाहीतर गरम कुठली तेच ओळखलं जाईल. काळे डाग दिसतात, म्हणून डोळे बांधायचे. पापुद्र्यावरून कळू नये म्हणून मधला तुकडा. धुराच्या वासाचं काय? वास हा चवीचाच भाग धरायचा की नाही, यावर मुलांना भांडू द्या, उत्तर तुम्ही देऊ नका. पडद्यामागे एकाने नाणं उडवून ताटलीत तुकडा ठेवायचा, आणि तो कुठला हे माहीत नसलेल्या दुसऱ्याने नेऊन द्यायचा. एमिलीच्या प्रयोगात जे राहिलं ते इथे दोन मुलांत भागतं. मध्ये पाण्याची चूळ. प्रत्येकाचे १० प्रयत्न, आणि ९ किंवा जास्त आले तरच 'ओळखता येतं' म्हणायचं, कारण निव्वळ अंदाजाने तेवढे येण्याची शक्यता एक टक्क्याच्या जवळपास आहे. हा नियम पहिला घास देण्याआधी वहीत तारखेसकट लिहायचा. ज्यांना ९ येतील त्यांची दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी. शहरात चूल नसेल तर माठाचं आणि नळाचं पाणी घ्या, फक्त दोन्हींचं तापमान सारखं करून.

आणि आजीला दहापैकी पाचच आले, तर निष्कर्षाच्या रकान्यात मुलाने 'आजीला दहापैकी पाच वेळा ओळखता आलं' एवढंच लिहायचं. चुलीवरची भाकरी वेगळी लागतच नाही, हे अजून कुणी तपासलेलं नाही.